सुरगाठ

क्रोशाचं काम सुरू होतं ते एका लबाड गाठीने. दोऱ्याचं टोक वीतभर सोडून एक वेढा घ्यायचा, त्यातून दोऱ्याचाच पदर ओढून फास करायचा आणि तो सुईच्या आकड्यात अडकवायचा. ही गाठ दिसायला गाठ असते, पण टोक ओढलं की होत्याची नव्हती होते. मराठीत अशा गाठीला सुरगाठ म्हणतात. निरगाठीची ही मवाळ बहीण. मग सुईवर दोरा घ्यायचा, आकड्याने तो फासातून बाहेर काढायचा, की नवा फास तयार. पुन्हा दोरा, पुन्हा बाहेर. विणणाऱ्या बायका या टाक्याला नुसतं साखळी म्हणतात. याच्या पुढे मुका खांब आहे, अर्धा खांब आहे, खांब आहे. टेबलावरच्या रुमालांची आणि दारावरच्या तोरणांची सगळी इमारत त्या खांबांवर उभी असते. पण गळ्यात घालायच्या साध्या दोऱ्याला त्यांतलं काही लागत नाही. दोन मिलिमीटरच्या आसपासची सुई, सुताचा एक गुंडा आणि दीडशे-दोनशे साखळ्या एवढ्यात काम होतं. निम्म्यावर आलं की सुईवरचा फास पदकाच्या कडीतून ओढून घ्यायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढची साखळी घालायची. हात बसला असेल तर अर्ध्या तासात गळ्यातला दोरा तयार.

या दोऱ्यात जे अडकवायचं असतं ते सहसा दोऱ्यापेक्षा मोलाचं असतं. चांदीचा ताईत असेल, आजोळहून आलेलं पदक असेल, क्रूस असेल, नाहीतर किनाऱ्यावर सापडलेली, आपसूक भोक पडलेली शिंपली. त्यामुळे दोऱ्याकडे सगळे तात्पुरती सोय म्हणूनच पाहतात. ‘चेन घेईपर्यंत राहू दे दोऱ्यात’ हे वाक्य घराघरांत बोललं जातं, आणि त्यात एक हिशोब गृहीत असतो: मोलाची वस्तू टिकाऊ गोष्टीत अडकवावी, दोरा झिजतो, सबब धातू बरा. हिशोब चोख दिसतो. तरी मला तो चुकीचा वाटतो. जी वस्तू जपायची आहे तिला झिजणारा, उसवणारा, काही वर्षांनी पुन्हा घालायला लावणारा दोराच योग्य. आणि त्याचं झिजणं हा त्याचा दोष नसून तेच त्याचं काम आहे, असं माझं म्हणणं आहे. ते नीट मांडायचं तर थोडं मागे जावं लागेल, फार मागे.

बलुचिस्तानातल्या मेहरगढला नवाश्मयुगीन दफनांचं उत्खनन झालं, त्यात तांब्याचे मणी मिळाले. त्यांतल्या एका मण्याच्या भोकात धाग्याचा अवशेष शिल्लक होता. तांब्याचे क्षार धाग्यात मुरल्यामुळे तो कुजला नव्हता. तो कापसाचा आहे असा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ इसवी सनापूर्वीचं सहावं सहस्रक. कापसाच्या वापराचा जुन्या जगातला हा अगदी आरंभीचा पुरावा, आणि तो वस्त्राचा नाही, ओवलेल्या मण्याचा आहे. महाराष्ट्रातही असे दोन दोरे आहेत. नेवाशाला ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिचा धागा रेशीम आणि कापसाचा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या चांदोलीलाही तांब्याचे मणी मिळाले, ते जवसाच्या वाखाच्या धाग्यात ओवलेले. तीन हजार वर्षांहून जुनी ही दोन गावं. घरं मातीची आणि कुडाची होती, पण मुलाच्या गळ्यातल्या मण्यांसाठी कुणीतरी बारीक सूत वळलं होतं.

एवढ्यावर लगेच सुतावरून स्वर्ग गाठू नये, हे मला कळतं. कुणी म्हणेल, हा पुरावा तर तुमच्याच विरुद्ध जातो. दोरा टिकला तो तांब्याच्या कृपेने, धातू नसता तर आज बोलायला दोराच नसता. खरं आहे. पण टिकणं आणि जपणं यांतला फरक इथेच दिसतो. माणूस गेल्यावर, माती लोटल्यावर, तांब्याने धागा टिकवला. माणूस होता तोवर धाग्याने तांबं जपलं होतं. मणी स्वतःहून गळ्यात राहत नाही; कुठल्याही दागिन्याला शरीराशी जोडणारं काहीतरी लागतं, आणि ते जोडणारं आपण मोजदादीतून वगळतो. सोनाराच्या वजनकाट्यावर दोऱ्याचं वजन वजा करतात. वजन वजा केलं तरी काम कसं वजा होणार?

नेवाशाचा उल्लेख निघाला की दुसरी एक आठवण टाळता येत नाही. त्याच गावी १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. गीतेच्या सातव्या अध्यायात सुतात ओवलेल्या मण्यांची उपमा येते: मणी अनेक, सूत एक, आणि सूत दिसत नाही तरी सगळ्यांना धरून असतं. ज्ञानेश्वरांनी या उपमेत एक बदल केला. त्यांनी मणी सोन्याचे केले आणि सूतही सोन्याचं केलं. त्यांना अद्वैत सांगायचं होतं. धरणारा आणि धरलेला वेगळे नाहीत हे दाखवायला दोन्ही एकाच धातूचे हवेत. सोन्याच्या साखळीत सोन्याचं पदक घालणाऱ्याला हा मोठाच आधार वाटेल. पण ती उपमा ईश्वर आणि जग यांच्याबद्दलची आहे. जिथे काही तुटत नाही, हरवत नाही, तिथे जपण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे वस्तू हरवतात, माणसं जातात, लेकरं आजारी पडतात. इथे धरणारा आणि धरलेला वेगळेच असतात, आणि धरणाऱ्याला थकवा येतो. द्वैतात राहणाऱ्यांची उपमा सुती दोऱ्याचीच असायला हवी.

आता त्या साखळी टाक्याकडे जरा निरखून पाहू. क्रोशाची साखळी कुठेही आडवी कापून पाहिली तर तिथे दोऱ्याचे तीन पदर मिळतात: पुढून दिसणारे दोन आणि मागून जाणारा एक. म्हणूनच तिला तिच्या लांबीच्या तिपटीहून अधिक दोरा लागतो, आणि म्हणूनच ती एकेरी दोऱ्यापेक्षा भक्कम असून ताण आला तर थोडी लवतेही. पण तिच्यात एकही गाठ नाही. प्रत्येक फास पुढच्या फासाने अडवलेला, आणि सगळ्यांत शेवटचा फास तेवढा दोऱ्याचं टोक ओढून बंद केलेला. तो मोकळा करून टोक ओढलं की सगळी साखळी सरसर उसवत सुरुवातीपर्यंत येते आणि हातात होता तेवढा सरळ दोरा परत मिळतो. धान्याचं पोतं उघडताना हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. यंत्राने घातलेली पोत्याची ती शिवण साखळी टाक्याचीच. बरोबर टोक सापडलं तर एका हिसक्यात पोतं उघडतं, चुकीचं टोक ओढत बसलं तर सुरीच घ्यावी लागते. म्हणजे उसवण्याचाही एक बरोबर मार्ग आहे आणि तो विणीतच ठेवलेला आहे. धातूच्या साखळीत तो नाही. तिची कडी तुटली तर डाग द्यावा लागतो. आणि ती उसवून पुन्हा नव्या मापाची करता येत नाही. दोऱ्याची साखळी मुलाच्या गळ्याबरोबर मोठी होऊ शकते.

इथे पहिला रास्त आक्षेप येतो: दोरा तुटतो, आणि मग ताईतच जातो. तर काय जपलं? याची दोन उत्तरं आहेत. एक विणीतलं आहे. नुसतं ओवलेलं पदक दोरा कुठेही तुटला तरी घरंगळतं, आणि धातूची साखळी तुटली तरी तसंच घरंगळतं, कारण तेही साखळीवर नुसतं लोंबत असतं. फासात विणून घेतलेलं पदक मात्र टाक्याचाच भाग असतं. दोरा दुसरीकडे कुठे तुटला तर ते लगेच गळून पडत नाही. सुती दोऱ्याच्या अंगच्या घर्षणाने ते त्या तुकड्याला धरून राहतं, आणि तेवढ्यात गळ्याला काहीतरी वेगळं जाणवतं. दुसरं उत्तर शरीराचं. गळ्यातली वस्तू कुठे अडकली तर माणूस महत्त्वाचा की दागिना, याचा निर्णय आधीच झालेला असावा. न तुटणारी गोष्ट गळ्यात घालणं हे धाडस आहे. पाळण्यातल्या बाळाच्या गळ्यात तर दोरा, साखळी, काहीच नको. त्याचा ताईत पाळण्याच्या बाहेर, हाताला येणार नाही असा टांगावा. मोठ्यांच्या गळ्यातही जो दोरा वेळेला तुटतो तो ताइतापेक्षा जास्त रक्षण करतो, असं म्हटलं तर ती कोटी ठरू नये.

आणि टिकाऊपणा हीच कसोटी असती तर धातूने दोऱ्याची नक्कल कशाला केली असती? पदरांत पदर घालून सुताचा गोफ विणतात; पुरुषांच्या गळ्यातल्या सोन्याच्या पिळदार साखळीलाही मराठीत गोफच म्हणतात. ठुशी, लफ्फा, तन्मणी या दागिन्यांची पुढची बाजू सोनाराची, पण मागची, मानेवर येणारी, पुष्कळदा पटवेकऱ्याच्या दोऱ्याची आणि गोंड्याची असे, कारण मानेच्या कातडीला सूत आणि रेशीम सोसवतं आणि माप कमीजास्त करता येतं. मंगळसूत्र या शब्दात तर सोनं कुठेच नाही. मंगल आहे आणि सूत्र आहे. वाट्या सोन्याच्या, मणी काळे, पण नाव पडलं ते ज्यात ते ओवले त्यावरून. आज ते तारेत ओवतात आणि नाव मात्र सूत्राचंच राहिलं आहे. भाषा कधी कधी आपल्यापेक्षा जास्त लक्षात ठेवते.

भाषेने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली आहे. मंगळसूत्र तुटलं असं जुन्या घरांत म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. बांगडी वाढते, दिवा वाढवतात, तसंच. यामागे भीती आहे हे उघड आहे, अशुभ बोलायला जीभ धजत नाही. पण भीतीने निवडलेला शब्दही काही सांगतो: दोरा संपणं हा शेवट नाही, पुढे नवा दोरा आहे. आपल्या बहुतेक धार्मिक दोऱ्यांची रचनाच अशी आहे की ते टिकता कामा नयेत. जानवं श्रावणीला बदलतात. श्रावणातल्या पौर्णिमेचं एक नाव पोवती पौर्णिमा, कारण त्या दिवशी सुताची पोवती करून देवाला वाहायची आणि घरच्यांनी बांधायची. अनंत चतुर्दशीचा चौदा गाठींचा दोरा वर्षभराने उतरवून नवा घेतात. राखी तर काही दिवसांतच उतरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधली जाते. दहा वर्षांची एकच मजबूत राखी बांधून मोकळं व्हावं असं कुणाला सुचलं नाही. ते मजबुतीचं तंत्र ठाऊक नव्हतं म्हणून नाही. पुन्हा बांधायला यावं लागणं, हाच त्या दोऱ्याचा उपयोग होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ताईत, गंडे, दोरे यांच्याबद्दल इतक्या मायेने लिहिणं म्हणजे अंधश्रद्धेला नक्षी काढणं नव्हे का? मराठीत फसवण्याला ‘गंडा घालणं’ म्हणतात हे विसरता येत नाही, आणि ज्यांच्या लेकरांना औषधाऐवजी दोरा मिळाला त्यांच्यापुढे विणीचं सौंदर्य सांगणं निर्दयपणा ठरेल. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गंडेदोरे हा शब्द नावानिशी आला आहे. पण तो कुठे आला आहे हे पाहण्यासारखं आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून त्याऐवजी गंडेदोरे, मंत्रतंत्र करणं हा गुन्हा. कायद्याने दोरा गुन्हेगार ठरवला नाही. दोरा डॉक्टरच्या जागी बसवणाऱ्याला ठरवलं. ही सीमा मला पुरेशी वाटते. दोरा विष उतरवत नाही, ताप उतरवत नाही, परीक्षेत पास करत नाही. तो एवढंच सांगतो की कुणीतरी तुमच्यासाठी अर्धा तास मान खाली घालून बसलं होतं. संगीतातल्या गंडाबंधनात गुरू शिष्याच्या मनगटावर दोरा बांधतो. त्या दोऱ्याने गळा सुरेल होत नाही हे दोघांनाही माहीत असतं. तरी तो बांधतात, कारण यापुढे एकमेकांची जबाबदारी आहे हे नुसतं बोलून दाखवणं अपुरं पडतं. बाजारातून विकत आणलेला मंत्रवलेला दोरा आणि घरी घातलेला साधा दोरा यांत फरक आहे तो इथे: पहिला फळाचं वचन देतो, दुसरा कसलंच देत नाही.

तिसरा आक्षेप उगमाचा. क्रोशा तरी आपला कुठे आहे? खरंच नाही. फ्रेंचमधल्या लहान आकड्यावरून नाव पडलेली ही कला युरोपात पसरली ती एकोणिसाव्या शतकात. आयर्लंडमध्ये १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने अनेक घरांना हात दिला. आपल्याकडे ती मिशनऱ्यांच्या हातून आली. आंध्रातल्या नरसापूरच्या परिसरात या लेसचा मोठा निर्यातधंदा उभा राहिला, आणि मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की तो विणणाऱ्या हजारो बायकांना कामगार मानलंच जात नव्हतं. त्या घरी बसलेल्या गृहिणी, आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. उगमापेक्षा हा हिशोब मला जास्त टोचतो. सोनाराच्या काट्यावर दोरा वजा होतो, तसाच इथे दोरा घालणारा हात वजा झाला. गळ्यातला साधा दोरा विणून कुणी श्रीमंत होणार नाही, आणि त्यावर रोजगाराची गणितं मांडण्यातही अर्थ नाही. पण जे काम मोजलं जात नाही ते काम नसतंच, या समजुतीला तो दोरा रोज गळ्यात राहून उत्तर देतो. बाकी सुई परकी असली तरी सूत आपलं होतं. एका आकड्यात ते लगेच रुळलं, मुका खांब असं अस्सल मराठी नाव घेऊन.

सुताची चमकही काही सांगते. क्रोशासाठी जे तुकतुकीत सूत वापरतात ते मर्सराइज केलेलं असतं. लँकेशायरच्या जॉन मर्सरला १८४४ मध्ये आढळलं की कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात सुती कापड आटतं, जाड होतं, रंग चांगला धरतं. पण चमक आली ती पुढे १८९० मध्ये, हॉरेस लोव्हने तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली तेव्हा. आटू पाहणाऱ्या सुताला आटू दिलं नाही की ते झळाळतं. विणतानाही तेच: डाव्या हाताच्या बोटांवरून जाणारा दोरा ढिला सोडला तर साखळी लोळते, आवळला तर सुई पुढच्या फासात शिरत नाही. विणणाऱ्याचं सगळं कसब त्या एका ताणात आहे. तो मोजता येत नाही, दुसऱ्याला सांगून देता येत नाही, आणि त्यामुळे दोन माणसांची साखळी कधी सारखी होत नाही. घातलेल्या दोऱ्यावरून कुणाचा हात होता ते ओळखणारी माणसं असतात.

शेवटचा आक्षेप माझाच मला आहे. झिजलेला दोरा पुन्हा घालणारं कुणी नसेल तर? पहिला दोरा मायेने होतो. दुसऱ्याच्या वेळी कंटाळा येतो, तिसऱ्याच्या वेळी ताईत एखाद्या डबीत पडून राहतो, सुपारीच्या खांडांशेजारी आणि बंद पडलेल्या घड्याळाशेजारी. धातूची साखळी निदान या आळसावर मात करते. हे मान्य करायला हवं. पण डबीतला ताईत खोटं बोलत नाही. सोन्याच्या साखळीत कुणी न बघताही वस्तू वर्षानुवर्षं गळ्यात राहते आणि आपण ती जपतोय असं आपल्याला वाटत राहतं. दोरा तेवढी सवलत देत नाही. जपणं या मराठी क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: सांभाळणं, आणि एकच नाव पुन्हा पुन्हा घेणं. दोन्हींत पुन्हा करावं लागतं. साखळीनंतर साखळी घालताना हे वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा विणणाऱ्याला एवढंच सुचवावंसं वाटतं. दीडशे-दोनशे साखळ्या झाल्या, गळ्याला माप बसलं, की दोरा कापताना कंजुषी करू नये. वीतभर जास्त ठेवावा, शेवटच्या फासातून ओढून घ्यावा, आणि टोक विणीत पार नाहीसं न करता मागच्या बाजूला जरासं दिसेल असं ठेवावं. पुढच्या वेळी जे कुणी उसवायला बसेल, त्याला बरोबर टोक सापडायला हवं.